चाखायचा चमचा

मित्रांनो, मी एक जुना, लांब दांड्याचा चमचा आहे. आज मी काचेआड असतो आणि मला हात लावायची कुणालाही परवानगी नाही. हा मान समजू नका. मला पाहून माणसांच्या अंगावर काटा यावा, म्हणूनच मला येथे ठेवले आहे.

पोलादाच्या पत्र्यातून मी घडलो आणि एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मावशींच्या हाती आलो. मावशी तिथल्या मुख्य स्वयंपाकीण. त्यांचा एक नेम होता : पदार्थ आधी आपल्या जिभेवर, मग लोकांच्या ताटात. माझी भावंडे वाढण्यात झिजली, मी मात्र केवळ चाखण्यासाठी होतो. कामगार एकमेकांना म्हणत, "मावशींनी चाखलंय ना? मग डोळे मिटून जेव." ते ऐकून माझी छाती फुगत असे.

हंगामात घेवड्याचे दाणे स्वस्त मिळत. मावशी आणि त्यांची सून ते काचेच्या बरण्यांत भरून, झाकणे घट्ट लावून, मोठ्या प्रेशर कुकरमध्ये शिजवून ठेवत. त्या वर्षी कुकरची रिंग गेली आणि नवी काही येईना. तेव्हा बरण्या साध्या पातेल्यात उकळल्या गेल्या. पाणी इतके खदखदत होते, की त्यात एखादा जंतू जिवंत राहील असे दोघींच्या स्वप्नातही आले नाही.

काही महिन्यांनी त्यांतल्या एका बरणीचे झाकण फुगलेले सुनेला दिसले. ती म्हणाली, "आई, ही टाकून देऊ या."

"अगं, न चाखता टाकायचं म्हणजे न ऐकताच शिक्षा," असे म्हणत मावशींनी झाकण उघडले, मला आत बुडवले आणि चार थंड दाणे तोंडात टाकले. वास नाही, आंबटपणा नाही. सुनेची समजूत काही पटेना. शेवटी मावशी हसून म्हणाल्या, "बरं बाई, ठेव फ्रिजमध्ये. उद्या मी ठणठणीत असले, तर वाढू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ठणठणीत होत्या. सुनेने फ्रिजमधून बरणी काढली. कांदा चिरला, दाणे गरम न करता तसेच वाट्यांत भरले, पहिल्या पाळीची माणसे हात धुऊन रांगेत आली. मावशींनी पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले आणि म्हणाल्या, "आज मला दोन-दोन सुना दिसतायत. इथं एक झेपत नाही!"

रांग हसली. सूनही हसली. मावशींनी पुढचे काही बोलायला तोंड उघडले, तर शब्द जाड होऊन जिभेतच अडकले. दोन्ही पापण्या एकदम खाली आल्या. मी त्यांच्या हातून निसटून खाली पडलो.

सुनेने मावशींकडे पाहिले, मग बरणीकडे. रांगेतल्या पहिल्या माणसाने घास उचलला होता. तिने त्याच्या हातावर फटका मारला. "कुणी खाऊ नका. वाट्या ठेवा खाली." त्या भुकेल्या माणसांपैकी एकानेही विचारले नाही, का म्हणून. तिने मला उचलून बरणीत खोचले, झाकण लावले आणि आम्हाला घेऊनच ती मावशींबरोबर रुग्णालयात गेली.

डॉक्टरांना आधी अर्धांगाचा झटका वाटला. बरणी पाहिल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी बोट्युलिझम हे नाव घेतले. त्या जंतूचे बीज साध्या उकळीने मरत नाही, आणि बंद बरणीत ते जे विष तयार करते, त्याचा कण माणसाचा श्वास थांबवायला पुरतो. मावशींना श्वासाच्या यंत्रावर घेतले. त्या विषावरचा उतारा दूरच्या सरकारी कोठारातून निघाला. असले विष कुणी मुद्दाम पसरवले तर हाताशी असावा, म्हणून तो तिथे साठवलेला असतो.

याच कारणाने आरोग्य खात्याचे अधिकारी खाटेपाशीच सुनेला विचारू लागले : बरणीला शेवटचा हात कुणाचा लागला? घरात काही वाद? त्यांना विचारणे भाग होते. पण दारातून एक नातेवाईक पुटपुटला, "सासू-सुनांचं कधी पटलंय?"

डॉक्टर वळून म्हणाले, "जरा जपून बोला. यांची शुद्ध हरपलेली नाही. यांना सगळं ऐकू येतंय."

सुनेने सासूचा निर्जीव वाटणारा हात हाती घेतला. "आई, मी काही केलेलं नाही हो." बराच वेळ काही घडले नाही. मग मावशींचे एक बोट तिच्या तळव्यावर हलले. थोपटल्यासारखे, इतकेच. ते पाहून अधिकाऱ्यांनी वही मिटली. पुढे तपासणीत बरण्यांचे आणि रिंगेचे सत्य बाहेर आले.

उताऱ्याने विष पुढे सरकायचे थांबले. झालेली हानी मात्र शरीरालाच भरून काढावी लागली आणि त्यात अनेक महिने गेले. मला धुऊन, निर्जंतुक करून आरोग्य खात्याच्या या प्रशिक्षणाच्या खोलीत ठेवले.

मित्रांनो, फुगलेले झाकण दिसले तर ते उघडू नका, चाखू तर मुळीच नका. ज्या जिभेवर शेकडो माणसांचा विश्वास होता, तिला हे विष कळले नाही. मी तर लोखंडच. माझे पटत नसेल, तर या खोलीत आलेल्या मुलांना मावशी काय म्हणाल्या ते ऐका. सुनेचा खांदा धरून त्या काचेसमोर उभ्या होत्या. एका मुलीने विचारले, ते दाणे लागत कसे होते?

मावशींचा आवाज अजून पुरता परतलेला नाही. सगळी मुले पुढे सरकली, तेव्हा त्या म्हणाल्या, "छान लागत होते, बाळ. मी आणखी दोन खाणार होते."