पाठमोरा प्रवेश

तिसऱ्या अंकात म्हातारा बाप खिडकीबाहेर बघत पाठमोरा उभा असतो. मुलगा ओरडतो, "निघा माझ्या घरातून!" आणि त्याला ढकलतो. बाप गुडघ्यांवर कोसळतो. बापाचं काम नाटक कंपनीचे मालक करायचे, मुलाचं त्यांचाच थोरला. ढकलायचं म्हणजे पाठीला नुसता हात टेकवायचा. वाक्य संपता संपता सावरून पडायचं काम मालकांचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

या दौऱ्यात मात्र मालक धाडकन आपटू लागले. गुडघे काळेनिळे झाले. मंडळी तोंडावर काही बोलत नसत, पण थोरला आला की चहाच्या गप्पा तिथल्या तिथे थांबायच्या. म्हातारा कंपनी हातात देत नाही म्हणून पोरगा राग काढतोय, असं मेकअपवाला कुणाला तरी सांगत असताना थोरल्याच्या आईनेही ऐकलं.

त्या दिवशी दुपारच्या प्रयोगाआधी तिने नवऱ्याच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या आणि मुलाला विंगेत गाठलं.

"हात आवर रे. बाप आहे तुझा."

"आई, मी नुसता हात टेकवतो. तुझी शप्पथ."

"मग ते पडतात कसे?"

"त्यांनाच विचार ना! मला वाईट ठरवून स्वतः गप्प बसलेत." त्याचा आवाज चिरकला. "आज हातच लावणार नाही. बघू काय होतं."

ती अडवणार तोच घंटा झाली.

तिसऱ्या अंकाला ती खिडकीमागच्या अंधारात जाऊन उभी राहिली. नवऱ्याचा चेहरा हातभर अंतरावर होता. थोरला ओरडला, "निघा माझ्या घरातून!"

मालक हलले नाहीत.

तो पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा इतक्या जोरात, की प्रेक्षकांत कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. मालकांची पापणीही लवली नाही. नुसते वाट बघत उभे. यांना ऐकूच येत नाहीये!

तिने खिडकीतून हात घालून त्यांचं मनगट दाबलं. 'पडा,' ती नुसत्या ओठांनी म्हणाली. मालक अलगद पडले आणि पुढचं लांबलचक भाषण बिनचूक म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

प्रयोग संपल्यावर थोरल्याने मेकअपच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तो बापासमोर बसला. "कधीपासून?"

"मागच्या दौऱ्यापासून कमी येत होतं, या दौऱ्यात पार गेलं." मालक त्याच्या ओठांवरची नजर काढत नव्हते. "समोर माणूस असला की कळतं. नाटक तर पाठच आहे. पण पाठमोरा असताना तुझं वाक्य कळत नाही, हात लागला की दचकून कोसळतो."

"आणि मला शिव्या खाऊ दिल्यात?"

"बहिऱ्या नटाला कोण बोलावतं रे? वाटलं, लोक दोन दिवस बोलतील नि विसरतील."

"मलासुद्धा नाही सांगितलंत," बायको म्हणाली. ती मागे उभी होती. त्यांना ऐकू गेलं नाही.

सामान ट्रकमध्ये चढत असताना मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. "माझे कान गेलेत. पोराने मला कधीच ढकललं नाही. उगाच त्याच्यावर खापर फोडलंत, आणि मी फोडू दिलं." मेकअपवाला जमिनीकडे बघत राहिला. थोरला ट्रकवर दोर आवळत होता. तो खाली उतरला नाही.

"दौरा संपेपर्यंत आहे मी," तो नंतर आईला म्हणाला. "पुढचं पुढे."

तिने समजूत घातली नाही. बसमध्ये ती नवऱ्याशेजारी बसली. मग त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि जे जे बोलायचं होतं, ते पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली.