मे महिन्यात ओवीला थंडी वाजली!

मित्रांनो, मोहोळला जोतिराम आबांच्या खिडकीत बसून खडखडणारा जुना पत्र्याचा कूलर म्हणजे मीच! सोलापुरात एका पत्र्याच्या दुकानात मी जन्मलो आणि टेम्पोत बसून इथे आलो. त्याला बारा उन्हाळे झाले. मे महिन्यात या घरात माझ्याइतके लाडके कुणी नसते! पावसाळा आला की माझ्यावर रिकामी पोती पडतात, पण ते जाऊ द्या.

यंदाची गंमत ऐका. भर दुपारी, बाहेर डांबर पाघळत असताना, आबांची नात ओवी कुडकुडत ओरडली, "आबा, कूलर बंद करा की! लई थंडी वाजतीया!"

मोहोळच्या उन्हात थंडी! मी तर फुगूनच गेलो. पण आबांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. पोरीचे अंग तव्यासारखे तापले होते.

"ह्या कूलरचा वाराच बाधला पोरीला," आबा कडाडले. "उद्याच भंगारात घालतो ह्याला!"

त्यांनी ओवीवर दोन गोधड्या टाकल्या. माझ्या तोंडचे पाणी पळाले!

तेवढ्यात घरोघरी आरोग्याची चौकशी करणाऱ्या लीलाताई आल्या.

"आबा, कूलरला कशाला बोल लावताय? अंगात जंतू शिरले की त्यांच्याशी लढायला मेंदू उष्णता वाढवायचा हुकूम सोडतो. अंग तेवढं तापेपर्यंत आपल्याला थंडीच वाजते. थरथर कापून ते स्वतःला तापवतं. गोधड्या काढा, पातळ चादर बास. चला, आधी रक्त तपासू."

सुटलो! पण जाता जाता लीलाताईंनी माझी जाळी उघडली. पंधरा दिवसांच्या शिळ्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ओवीच्या रक्तात हिवताप निघाला. मला फार लाज वाटली.

आबांनी माझी टाकी घासून उन्हात वाळवली, पण पाणी काही भरले नाही. रस्त्यावर भंगारवाला ओरडला की माझी पाती गारठायची.

गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी ओवीला दरदरून घाम फुटला. मेंदूने हुकूम मागे घेतला होता आणि अंग जादा उष्णता बाहेर टाकत होते! चादर भिरकावून ती ओरडली, "आबा, लई उकडतंय! कूलर लावा की!"

आबा डोळे पुसत बादली घेऊन नळाकडे धावले.

मित्रांनो, दर आठवड्याला माझी टाकी रिकामी करून घासत जा, एवढेच मागणे आहे. आता बोलायला सवड नाही. ओवी माझ्यासमोर येऊन बसली आहे!