अर्धं कणीस

१९६१ सालचा हिवाळा. अकोल्याजवळच्या ज्वारी संशोधनाच्या शेतावर देवमन सकाळपासून कच्चे दाणे चाखत होता. गोड आणि फिक्की अशा दोन ज्वाऱ्यांचा संकर झाला होता आणि आता त्यांची नातवंडं कणसाला आली होती. चार धांड्यांमागे, म्हणजे ताटांमागे, एकाचे दाणे गोड निघाले, तर गोडीचा जीन एकच, असा साधा हिशेब. माणसाची जीभ फसते, म्हणून अर्धं कणीस देवमननं चाखायचं, उरलेलं सहायक खुशालरावांनी, आणि दोघांनी आपापल्या कागदावर लिहायचं.

खुशालराव कशाला चाखतात! देवमन छप्पन सालीच बौद्ध झाला, पण खुशालरावांच्या लेखी तो होता तिथंच होता. त्यानं मोडून दिलेलं कणीस ते चिमटीत धरत, बांधापलीकडे फेकत आणि त्याच्या कागदावरून आपला कागद भरत. वर रुमालाला बोटं पुसत. त्या रुमालाची देवमनला शिसारी आली होती.

शेवटच्या चाळीस धांड्यांना त्यानं मुद्दाम उलटं लिहिलं, गोडाला फिक्कं आणि फिक्क्याला गोड; खरं आपल्या वहीत ठेवलं. संध्याकाळी खुशालरावांचा कागद पाहिला, तर चाळीसच्या चाळीस उलटे!

तो तडक मोठ्या साहेबांकडे, महादेवरावांकडे गेला. खुशालराव तिथंच चहा पीत बसले होते.

"साहेब, यायनं एकबी दाना चाखला नाही. माह्या कागदावरून उतरवून राहिले. हे आकडे पुढं गेले, त दोन वर्साचं काम खोटं पडते."

महादेवरावांनी दोन्ही कागद देवमनच्या वहीशी ताडून पाहिले.

"सोपं हाय, देवमन. उद्यापासून खुशालराव आधी चाखतीन, राह्यलेलं तू चाख. म्हंजे त्यायलेबी अडचन नाही."

खुशालरावांनी समाधानानं मान डोलावली. दारोदारचं उष्टं आणणं देवमनच्या आईनं त्याच्यादेखत सोडलं होतं, आणि हा शिकलासवरलेला साहेब तेच संशोधन म्हणून पुढ्यात ठेवत होता!

"उष्टं खानं आमी सोडलं, साहेब."

त्यानं टेबलावरची लेखणी उचलली, आपले चाळीस उलटे आकडे खोडले आणि खुशालरावांच्या कागदावर पहिल्या ओळीपासून रेघ ओढायला घेतली.

"अरे, थांब! थांब म्हनतो ना!"

महादेवराव ओरडले. दोघंही उठले. दोघांचे हात पुढं आले आणि त्याच्या मनगटापासून वीतभर अंतरावर थांबले. शिवायचं कुणी?

देवमननं शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश रेघ ओढली.