एका ‘किंवा’साठी निघालेला हंडा

मी हंडा बोलतोय. आवाज जरा घुमतोय, कारण आत्ता पोटात पाणी नाही. भरलेला असलो की मी गप्प असतो, आणि आज गप्प बसणं मला शक्यच नाही. मी विधानभवन पाहून आलोय! तांब्याच्या किती हंड्यांच्या नशिबात हे असतं?

पण सुरुवातीपासून सांगतो. तांबटाच्या हातोडीखाली मी जन्मलो. अंगावरचे ठोके अजून उन्हात चमकतात. गिरणीतल्या कामगारांनी वर्गणी काढून मला विकत घेतलं, आपल्या मित्राच्या लग्नात द्यायला. भांड्यावर नाव घालायचा आपला रिवाज. नाव घालणारा अक्षरागणिक पैसे मागू लागला, तेव्हा मित्रांनी डोकं चालवलं. माझ्या गळ्याखाली एवढंच उमटलं: ‘गिरणीतील मित्रमंडळींकडून चि. गुणाजी परब यास सप्रेम भेट’. नवरीचं नाव राहून गेलं. कुणी विचारलंच, तर सांगायचं ठरलं होतं, “जागा पुरली नाही.”

नवरीचं नाव रुक्मिणी. घाटकोपरच्या भटवाडीत, डोंगराच्या कुशीला शिवकृपा चाळ आहे. तिथल्या भाड्याच्या खोलीत ती लग्न होऊन आली आणि मला तिने कमरेवर घेतलं, ते आजतागायत. गुणाजीने मला उचललेलं मला तरी आठवत नाही. नाव त्याचं, कंबर हिची.

आमच्या चाळीत पाण्याच्या रांगेत माणूस उभा राहत नाही. भांडं उभं राहतं. पहाटे मला नळापाशी ठेवून रुक्मिणी चहा टाकायला घरी जायची. कुणी विचारलं, “रुक्मिणीबाई खंयत?” तर बायका माझ्याकडे बोट दाखवायच्या. “ह्या काय, तिसऱ्या!” मला फार अभिमान वाटायचा. मी नुसता हंडा नव्हतो, मी रुक्मिणीबाई होतो. एकदा कुणीतरी रांगेत वीट ठेवली, तर शेजारची मथुरा ओरडली, “काय गं, विटेत पाणी भरणार काय? भांडं आण, नायतर नंबर गेला!” तिचं बरोबर होतं. ज्यात पाणी राहील त्यानेच रांगेत उभं राहावं.

मग एके दिवशी आमचा नळच कोरडा पडला.

चाळीचं पाणी मालकाच्या नावावर होतं. त्याला चाळ रिकामी हवी होती. भांडण नाही, दमदाटी नाही. त्याने फक्त पाणीपट्टी भरणं थांबवलं. थकबाकी वाढली आणि नियमाप्रमाणे पाणी तुटलं. चाळकऱ्यांनी पैसे गोळा केले आणि पाणीखात्याच्या कार्यालयात नेले. रुक्मिणी परत आली ती रागाने लाल होऊन.

“काय म्हणाला?” गुणाजीने विचारलं.

“म्हणतो, कनेक्शन मालकाच्या नावावर, तुम्ही कोण? मी म्हटलं, आमी तां पाणी पिणारे. तर म्हणतो, आजी, पिणारा नाय लागत, मालक लागतो.”

त्यानंतर पाणी डोंगराच्या पायथ्याच्या नळावरून यायला लागलं. मला रिकामा घेऊन उतरायचं आणि भरून चढायचं. रुक्मिणीचे गुडघे पायरीपायरीला कुरकुरायचे, मला ऐकू यायचं. दोन बिऱ्हाडं कंटाळून विरारला गेली. मुलगा राजेश म्हणाला, “आई, सोड ना यार ही खोली. चारकोपला माझ्याकडे चल.” रुक्मिणी म्हणाली, “पाणी नाय म्हणून घर सोडू? मग उद्या वारो बंद झालो तर श्वास सोडू?”

ती हटली नाही. पण गुडघ्यांचं वय झालं होतं. पाणी चाळीत आलं नाही, तर ही खोली सुटणार, हे मला दिसत होतं, आणि तिलाही.

मग आमच्या आमदार चाळीत आल्या. कल्पिताताई. कोळीवाड्यातली तरुण मुलगी, पहिल्यांदाच निवडून आलेली. ओट्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “मावशी, सगळं एका शब्दावर अडलंय. पाण्याच्या कायद्याचं नवं विधेयक सभागृहात आलंय. त्यात लिहिलंय, ‘नळजोडणी मालकाच्या नावे’. त्याच्यापुढे मला ‘किंवा भाडेकरूच्या नावे’ एवढं घालायचंय.”

गुणाजी हसला. “किंवा? एवढ्याशा किंवासाठी विधानसभा?”

“काका, एवढासा किंवा नाही म्हणून तुमचा नळ कोरडा आहे.”

ताईंची नजर माझ्यावर पडली. विधानभवनाच्या पायऱ्यांवर दाखवायला त्यांना हंडा हवा होता, खराखुरा, रांगेत उभा राहिलेला. रुक्मिणीने मला पदराने पुसलं. “नेवा. पण पोचो पडूक देव नकात हां.”

वा! चर्चेच्या दिवशी मी गाडीतून निघालो. रुक्मिणीने मला शेजारी बसवून पट्टासुद्धा लावला. गुणाजी ड्रायव्हरजवळ पुढे बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. विधानभवनाच्या पायऱ्यांवर ताईंनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. कॅमेरे चमकले, घोषणा झाल्या आणि मी असा घुमलो की माझा मलाच पत्ता लागेना. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, ताई आणि मी एकाच कामाचे. दोघंही दुसऱ्याच्या वतीने रांगेत उभे!

दारात मात्र सुरक्षारक्षकाने अडवलं. “ताई, हंडा आत नाही.”

“रिकामा आहे हो.”

“रिकामी भांडी आत जायला लागली तर आवाज किती होईल?” तो हसून म्हणाला आणि त्याने मला आपल्या टेबलाशेजारी ठेवून घेतलं. रुक्मिणी आणि गुणाजी पास घेऊन प्रेक्षक गॅलरीत गेले. टेबलावर छोटा टीव्ही होता, त्यावर सभागृहाचं कामकाज चालू होतं. मला सगळं दिसत होतं.

ताईंनी दुरुस्ती मांडली. लगेच एक सदस्य उठले. “आज नळावर भाडेकरूचं नाव, उद्या भिंतीवर! मुलुंडला एक म्हाताऱ्या घरमालकीणबाई आहेत. सगळ्या खोल्यांचं भाडं मिळून त्यांचा चहाचा खर्चसुद्धा सुटत नाही. त्यांचा विचार कोण करणार?”

मला वाटलं, आता ताई चिडणार. पण त्या म्हणाल्या, “अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांचं खरं आहे. त्या बाईंचं भाडं वाढावं म्हणून चर्चा ठेवा, पहिला हात मी वर करीन. पण मालक आणि भाडेकरू भांडत असतील, तर त्या भांडणात घसा का कोरडा पडावा? आणि तोही एकाच बाजूचा?”

बाकं वाजली. मंत्री उठले. “अध्यक्ष महोदय, भाडेकरू आज आहे, उद्या नाही. थकबाकी झाली तर शोधायचं कुठे?”

“वर गॅलरीत रुक्मिणीबाई परब बसल्यात,” ताई म्हणाल्या. “लग्न होऊन ज्या खोलीत आल्या, तिथेच आजी झाल्या. या सभागृहात आपल्या खुर्चीवर इतका टिकलेला एक तरी सदस्य दाखवा!”

सगळं सभागृह हसलं. मंत्रीसुद्धा. सुरक्षारक्षक टेबलावर थाप मारून म्हणाला, “झकास!” पण मंत्री पक्के होते. त्यांनी पुन्हा विचारलं, “ठीक आहे. पण भाडेकरू पाणीपट्टी भरतील याची हमी कोण देणार?”

आणि गॅलरीतून आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखला असता, पायथ्याच्या नळावर रोज ऐकलाय.

“आमी भरतंव! तुमी आदी घेवा तर!”

गोंधळ! अध्यक्ष म्हणाले, “प्रेक्षक गॅलरीत शांतता राखा, नाहीतर बाहेर काढावं लागेल.” गुणाजी तिचा पदर ओढत होता, तेवढं मला कॅमेऱ्यात दिसलं. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. मंत्र्यांनी वर पाहिलं. मग म्हणाले, “ज्याच्या नावे जोडणी, त्यानेच पाणीपट्टी भरायची, एवढं त्यात जोडत असाल तर शासनाची हरकत नाही.”

“जोडते!” ताई जागेवरूनच ओरडल्या.

“अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे,” अध्यक्ष म्हणाले.

होय! तो ‘होय’ टीव्हीतून निघाला आणि सरळ माझ्या पोटात शिरला. मी थरथरलो. रक्षकाने चमकून माझ्यावर हात ठेवला. त्याला वाटलं असेल, भूकंप झाला.

बाहेर आल्यावर ताईंनी खरं काय ते सांगितलं. अजून विधान परिषद आहे, मग राज्यपालांची सही आहे. “म्हणजे उद्या पाणी नाय?” गुणाजीने विचारलं. “उद्या नाही, काका. पण आता येणार.” रुक्मिणी म्हणाली, “इतकी वर्षां रांगेत काढली. नंबर लागलो ना, झाला तर मग.”

घाटकोपरला उतरल्यावर ती घरी गेली नाही. मला घेऊन निमेशच्या भांड्यांच्या दुकानात शिरली. “नाव घालायचं आहे. हा बघ, इथे ‘गुणाजी परब’ आहे ना? मागे लिही, ‘किंवा रुक्मिणी परब’.”

“मावशी, ‘आणि’ लिहू का? जोडीने शोभेल.”

“‘आणि’ नको रे बाबा. ‘आणि’ म्हटलं की काम माझ्याच गळ्यात पडतं. ‘किंवा’ लिही.”

गुणाजी हळूच म्हणाला, “पण जागा आसा काय?”

निमेशने मला फिरवलं. “भरपूर आहे काका. ही सगळी बाजू कोरीच आहे.”

यंत्र घरघरलं. गुदगुल्या झाल्या, थोडं दुखलंही. पण मित्रमंडळी जे विसरली होती, ते अखेर माझ्या अंगावर आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रुक्मिणी अंथरुणातूनच म्हणाली, “ओ, वाचता येता ना? मगे उचला.”

आणि गुणाजीने मला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा. कमरेवर ठेवायला त्याला जमेना, म्हणून खांद्यावर घेतलं.

तुम्हाला एक सांगू का? कायदा होईल, नळ घरात येईल, तेव्हा मला खुशाल माळ्यावर टाका. मी काळा पडेन, वर पेपरांची रद्दी साचेल, चालेल मला. निकामी होण्याची इतकी घाई झालेला हंडा तुम्ही पाहिला नसेल. पण तोवर पाणी भरायचंच आहे. आणि तुमच्याही घरात असा एखादा हंडा असेल. त्याच्यावर कुणाचं नाव आहे, जरा फिरवून बघा.

आत्ता मी पायथ्याच्या रांगेत आहे, रिकामा, म्हणून एवढा घुमतोय. गुणाजी चहाला घरी गेला नाही, माझ्या शेजारीच उभा आहे. नव्या माणसाला हंड्यावर भरवसा ठेवायला वेळ लागतो. मथुरा ओरडतेय, “काय ओ भावोजी, आज तुमी? रुक्मिणीबाई खंयत?”

गुणाजी मला फिरवून माझी मागची बाजू तिच्यासमोर धरतो.

“वाच,” तो म्हणतो. “आज मी ‘किंवा’ आसंय.”