चौऱ्याऐंशीव्या पानावरची पेन्सिल

मुक्ता जाऊन पाच आठवडे झाले आणि फ्राऊ लिंडनरचा फोन आला. हॅनोव्हरच्या त्या हौशी गायनमंडळाची पुस्तकं तीच सांभाळायची.

"हेर्र लिमये, मुक्ताची ऑपेराची प्रत परत हवी होती. सगळ्या प्रती भाड्याच्या आहेत. पेन्सिलीच्या खुणा खोडून द्याव्या लागतात. मी खोडू का?"

"नको. मीच खोडतो," वासुदेव म्हणाला.

ऑपेरा एका जगप्रसिद्ध संगीतकाराचा, पण ऐन बाविशीत लिहिलेला, विनोदी. पहिल्याच प्रयोगाला आपटला आणि पुढे तो स्वतःही त्याचं नाव काढीनासा झाला. मंडळानं तो हौसेनं बसवला. प्रयोगाला मुक्ता नव्हती, म्हणून वासुदेव गेलाच नाही.

ब्योब्लिंगेनहून मुलीचा, ऋचाचा, फोन आला. "बाबा, फोटो काढून ठेवा ना. आल्झो, म्हणजे दहा मिनिटांचं काम."

"फोटोत दाब येत नाही गं."

"कसला दाब?"

"तुझी आई पेन्सिल दाबून लिहायची."



दुपारी तो हॉलमध्ये आपल्या खुर्चीत बसून खोडू लागला. जर्मन शब्दांखाली मुक्तानं देवनागरीत उच्चार लिहिले होते. मध्येच 'हळू', मध्येच 'श्वास'. खोडरबराचा भुगा त्याला टाकवेना. वाटीत जमवत गेला.

चौऱ्याऐंशीव्या पानावर बायका मिळून एका ढोंगी अधिकाऱ्याची फजिती करतात. मुक्ता स्वयंपाकघरात सराव करायची आणि नेमक्या या जागी वासुदेव याच खुर्चीतून खो खो हसायचा. ती चुकायची, मग चिडायची. तिथं लिहिलं होतं, 'हे हसतील. थांबायचं नाही.'

त्याचा हात थांबला.

स्वयंपाकघरातून तीच ओळ ऐकू आली. तो उठला नाही. उठलो तर बंद होईल, हे त्याला कळत होतं. ती जागा आली. आवाज किंचित अडला, वाट पाहिल्यासारखा.

वासुदेव हसला. पूर्वीसारखा, मोठ्यानं.

आवाज थांबला नाही. पान संपेपर्यंत चालला. मग फ्रिजची घरघर तेवढी उरली.

दुसऱ्या दिवशी फ्राऊ लिंडनर दारातच पानं चाळत उभी राहिली. चौऱ्याऐंशीव्या पानावर थांबून तिनं पर्समधून खोडरबर काढला.

"हे राहिलं. काय लिहिलंय?"

"श्वास कुठे घ्यायचा, ते."

"पुढच्या बाईला हे वाचता येणार नाही."

"नाही येणार."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग पुस्तक मिटलं आणि खोडरबर पर्समध्ये टाकला.