पेन्सिलचा चष्मा

मी व्हायोला. व्हायोलिन नव्हे! त्याच्याहून अंगाने थोराड, आवाजाने भरदार. आज जून २०२१ मधला रविवार.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या एका कारागिराने मला घडवलं. पुण्याहून डब्लिनला नोकरीला आलेल्या नंदकुमारने मला टॅला या उपनगरातल्या घरी आणलं. त्याची धाकटी बहीण उर्मिला व्हायोलिन वाजवायची. शेजारची नूलाही व्हायोलिन, तिचा नवरा डेक्लन चेलो. झाली आमची चौकडी!

मार्च २०२०मध्ये इथल्या हॉलमध्ये जर्मन संगीतकार मेंडेल्सोनची शेवटची पूर्ण क्वार्टेट, म्हणजे चार वाद्यांची रचना, वाजवायची ठरली. १८४७ मध्ये मेंडेल्सोनची थोरली बहीण फानी अचानक गेली, त्या उन्हाळ्यात त्याने ती लिहिली. नोव्हेंबरात तोही गेला.

"उर्मे, मला असलं काही लिहिता येणार नाही हां," नंदकुमार म्हणायचा. "तेव्हा तू आपली ठणठणीत राहा!"

तो रंगात आला की धावत सुटायचा. नूला विचारायची, "नंदू, बस चुकतेय का?" मग त्याने सुरांच्या कागदावर, त्या जागी, पेन्सिलने चष्मा काढला. वादकांची ही खूण: मान वर कर, बघ. तो बघायचा उर्मिलाकडे.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी कोरोनामुळे सगळं बंद झालं. नोव्हेंबरात नंदकुमार झोपेतच गेला. मी प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

एप्रिलमध्ये उर्मिलाने मला बाहेर काढलं. नंदकुमारच्या मुलीला, रेवाला, म्हणाली, "माझी जागा तू घे. दादाचं मी वाजवते."

"आर यू शुअर, आत्या?"

"नाही. व्हायोलिन काढ."

माझे सूर वेगळ्या पद्धतीने लिहितात. सवयीने तिने ते व्हायोलिनचे समजून वाचले. काय तो बेसूर!

"बाबा वुड बी मॉर्टिफाइड! लाजेने मेलेच असते!" रेवा हसत सुटली. उर्मिलाही हसली, नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

सूर जमले. पण चष्म्याची जागा आली की मान वर न करताच तिचा गज थांबायचा. रोज. "आज एवढंच," म्हणून ती मला पेटीत ठेवायची. पुढचं पान आम्ही वाजवलेलंच नाही.

आणि आज बागेत चार खुर्च्या, लांब लांब. कुंपणापलीकडे शेजारी चहाचे मग घेऊन उभे. डेक्लनने मान हलवली, सुरू! पहिल्याच सुराला माझ्या चारही तारा थरारल्या. उर्मिला रंगात आली, धावू लागली, अगदी दादासारखी. चष्मा आला. तिने मान वर केली.

समोर, तिच्या जुन्या जागी, रेवा. डोळे आधीपासूनच आत्यावर.

गज थांबला नाही.

तुमच्याही प्रेसमध्ये माझ्यासारखं कुणी असेल, तर बाहेर काढा. जास्त बोलायला मला सवड नाही, पान उलटलंय!