पुढे: फोनजवळची खुर्ची

मी एक पुठ्ठ्यांचा गठ्ठा बोलतोय. हसा, हसून घ्या! पुठ्ठ्याला कसलं आलंय चरित्र, असंच वाटलं ना? पण मी एकतीस वर्षं मुलांना शिकवलंय, आणि माझ्याच एका तुकड्यापायी या घरात जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म फ्रीजच्या खोक्यातून झाला. सरांच्या घरी नवा फ्रीज आला, तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, खोकं कात्रीने कापून बावीस सारखे तुकडे केले. सर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून माझ्यावर लिहिलं ते बाईंनीच. गोल, टपोरं अक्षर. लेक तेव्हा चार वर्षांची होती. पेन्सिली कुरतडायची, म्हणून तिचं नाव पडलं खारू. माझ्या एका कोपऱ्यावर तिच्या दातांची खूण अजून आहे.

सरांचा तास म्हणजे धमाल. आधी सगळ्यांना बाकांवर ओळीने बसवायचे आणि म्हणायचे, "सातवा बाक, ऊठ!" सातवा लगेच उठायचा. "बघितलंत? शोधणं किती सोपं. आता तिसऱ्या बाकावर या नव्या मुलीला जागा करून द्या." मग काय, तिसऱ्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला एकेक बाक मागे सरकावं लागायचं. दप्तरं पडायची, नुसता गोंधळ!

मग माझी पाळी. बावीस जणांच्या हातात एकेक तुकडा, आणि जो तो वर्गात वाटेल तिथे उभा. प्रत्येक तुकड्यावर एवढंच लिहिलेलं, की पुढे कोणाकडे जायचं; शेवटचा तेवढा कोरा. सर म्हणायचे, "मला फक्त पहिला ठाऊक. बाकीच्यांपर्यंत एकेकाला विचारत जायचं. वेळ लागतो बुवा, पण मध्ये नवीन कोणी आलं तरी कुणाला जागचं हलावं लागत नाही. ही साखळी. झटपट शोधायचं असेल तर बाक बरे, सारखी भर घालायची असेल तर साखळी बरी. काम बघा, मग मांडणी ठरवा."

दरवर्षी एक तरी शहाणा निघायचाच. "मधल्याला काढ," म्हटलं की त्याच्या हातातला तुकडा घेऊन मोकळा. पुढचे दहा-अकरा जण मग नुसते उभे. त्यांच्याकडे जायचं कसं, हे सांगणारा तुकडाच गेलेला. वर्ग हसायचा, सर हसायचे नाहीत. म्हणायचे, "ते खोलीतच आहेत रे. कुठे गेलेले नाहीत. त्यांच्याकडे जायची वाट तेवढी गेली. म्हणून आधी पुढच्याचा हात धरायचा, मग मधल्याला सोडायचं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेतही म्हणेन.

सर निवृत्त झाले आणि मी कपाटावर गेलो. खारू मोठी होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. कॉम्प्युटरचीच नोकरी, बापाची लेक! आणि इकडे सर विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. "लेकीचं नाव काय?" असं एकदम विचारलं की ओशाळे व्हायचे. पण बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. पहिल्यापासून धरून चाललं, की ते बरोबर पोचतात.

त्यांनी मला खाली काढलं. माझ्या पाच तुकड्यांच्या पाठीवर लिहून ते घरभर लावले. पलंगाशी: "सकाळ झाली. पुढे: खिडकी." खिडकीशी: "समोर तुमचं कॉलेज. पुढे: आरसा." आरशाशी: "हे तुम्हीच. दाढी करा. पुढे: स्वयंपाकघर." स्वयंपाकघरात: "ही मी, तुमची बायको. पुढे: फोनजवळची खुर्ची." आणि खुर्चीवर, त्या कोऱ्या शेवटच्या तुकड्यावर: "खारू, आपली मुलगी. फोन करा."

सर रोज सकाळी ती वाट चालायचे. बाई चहा घेऊन आपल्या तुकड्याशेजारी उभ्या असायच्या. "अहो, पुढे वाचा," म्हणायच्या. मग फोन व्हायचा. तीन वर्षांत एकही सकाळ चुकली नाही.

आणि बाईच गेल्या. ताप काय आला, तीन दिवसांत सगळं संपलं. खारू नोकरी सोडून घरी आली.

आता सर स्वयंपाकघरात यायचे, वाचायचे, मान वर करायचे. "कुठे गेली ही?" खारू सांगायची. सर भिंतीला धरून खाली बसायचे आणि लहान मुलासारखे रडायचे. माणूस एकदाच मरतं म्हणतात. आमच्या बाई रोज सकाळी सव्वासातला मरत होत्या. थोड्या वेळाने सर उठायचे, खुर्चीशी जायचे, वाचायचे, आणि चेहरा उजळायचा. "अगं खारू! कधी आलीस?" त्या एका वाक्यावर पोरीचा दिवस निघायचा.

सव्वीस दिवस तिने सोसलं. सत्ताविसाव्या दिवशी आईचा तुकडा भिंतीवरून काढला आणि खिशात टाकला. रोज का म्हणून रडवायचं म्हाताऱ्या जिवाला? खुर्ची तर पाच पावलांवर, दिसेलच की. रागवू नका तिच्यावर. ऑफिसात हीच चूक दुसऱ्यांना समजावून सांगण्यात तिचा जन्म गेला. पण घरात आई गेल्यावर कुणाला सुचतं हो?

सर आले. मोकळ्या भिंतीसमोर उभे राहिले. रडले नाहीत. परत पलंगाशी गेले, पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा त्याच भिंतीशी आले. खुर्चीकडे गेलेच नाहीत. खारू म्हणाली, "बाबा, मी इकडे." सर अदबीने म्हणाले, "आपण कोण?"

पाच दिवस असेच गेले. सहाव्या दिवशी तिला उमगलं, की खुर्चीकडे जायची वाटच आपण खिशात टाकली. तिने आरशावरच्या मजकुरात खाडाखोड करून "पुढे: खुर्ची" लिहिलं. सरांनी बोट फिरवून पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. ते अक्षर बाईंचं नव्हतं. आठव्या दिवशी तिने आईचा तुकडा होता तिथे परत लावला. सरांनी मोठ्याने वाचलं, "ही मी, तुमची बायको." मग तिच्याकडे वळून विचारलं, "कुणाची?"

डॉक्टर म्हणाले, आजारच वाढलाय, तुमचा दोष नाही. खरं काय ते मला काय कळणार, मी पडलो पुठ्ठा. पण त्या दिवशी खारू त्याच भिंतीला धरून खाली बसली. बाप रडू नये म्हणून केलं सगळं, आणि आता तो रडत नव्हता म्हणून ती हमसून हमसून रडत होती.

सर जवळ आले. मग हळूच तिच्याशेजारी बसले. "मधलं काढलंस ना?" म्हणाले. "दरवर्षी एक जण करतंच. रडू नये बाळ. ते सगळे खोलीतच असतात, वाट तेवढी जाते." आणि तिचा हात धरला. "चल, पहिल्यापासून घेऊ."

आता दोघं रोज हात धरून ती वाट चालतात. सर शिकवतात, ती शिकते. खुर्चीशी पोचलं की सर माझा शेवटचा तुकडा वाचतात आणि कौतुकाने सांगतात, "ही आमची मुलगी. फार हुशार. बाहेरगावी असते." खारू विचारते, "कशी आहे हो ती?" आणि सर सांगत बसतात.

मी आता फार दिवसांचा सोबती नाही. कडा झिजल्यात, शाई उडत चाललीय. तुमच्या घरातलं मधलं माणूस जाईल तेव्हा त्याचं नाव घाईने पुसू नका, एवढंच माझं मागणं. त्याच्यामागे कोण कोण उभं आहे, ते आधी बघा.

परवा सर तिला तिचंच लहानपण सांगत होते. ऐकता ऐकता तिने हातातली पेन्सिल नकळत दातांत धरली. सरांनी वाकून तिच्याकडे पाहिलं.

"कुरतडू नकोस गं," सर म्हणाले. "आमची खारूसुद्धा असंच करते."

आणि पुढे काय लिहिलंय, म्हणून खुर्चीवरचा माझा तुकडा उलटून पाहू लागले. पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.